निळ्या दोरीची चोवीस झाडं

आमच्या संशोधन-पेपरातल्या चौथ्या छायाचित्रात, डावीकडून तिसऱ्या डाळिंबाच्या बुंध्याशी माती एका छटेने गडद आहे. छापील पानावर तो डाग तांदळाच्या दाण्याएवढा भरतो. कळंबच्या त्या बागेत चोवीस झाडांना निळी दोरी बांधली होती. त्यांना ठिबकने निम्मं पाणी, बाकीच्या चोवीस झाडांना पूर्ण. दोन्हींकडे फळ सारखंच धरतं, असा आमचा निष्कर्ष. पण ठिबकच्या तोट्या बुंध्यापासून दीड फुटावर होत्या. बुंध्याशी ओल असायचं कारण नव्हतं.

सात वर्षं मी हे छायाचित्र व्याख्यानांत दाखवत आले. डाग दिसला तो मागच्या आठवड्यात, माझ्या सल्ल्याने बागेला निम्मं पाणी देणाऱ्या डाळजच्या आबासाहेबांचा फोन आल्यावर.

"मॅडम, फुलं गळत्यात. निम्म्या पाण्यावरच ठिवू का पुरं सोडू?"

"दोन दिवस थांबा आबा," मी म्हटलं. त्याला सहा दिवस झाले होते.

आणि आज दुपारी तीनला बारामतीत आमच्या संस्थेची निवड समिती बसणार होती. प्रमुख शास्त्रज्ञाची एक जागा. माझी एकूण सायटेशन, म्हणजे इतरांनी माझ्या कामाचे दिलेले संदर्भ, दोनशे अडुसष्ट. त्यांतली दोनशे बारा या एका पेपरची. बाहेरच्या चार संस्थांबरोबर केलेलं कामही त्यातूनच निघालेलं. तो पेपर वजा केला तर अर्जात फारसं काही उरत नव्हतं. शेवटच्या पानावर 'वरील संशोधन सत्य आहे' या ओळीखाली माझी सही व्हायची होती.

सकाळी आठला मी ऋषिराजला घेऊन कळंबला निघाले. तो माझा पहिला विद्यार्थी. पेपरावर दुसरं नाव त्याचं, आणि अजून कंत्राटावर.

बाग सर्जेरावांची. ते ओट्यावरच बसले होते.

"या मॅडम! आमची डाळिंबं परदेशात छापून आली म्हणं, आन् आमाला साधं पानबी दावलं न्हाय."

मी पान त्यांच्या बायकोसमोर, रंगूबाईंसमोर धरलं. "मावशी, या झाडाखाली ओल कशी?"

"म्या सोडलं की पाणी," त्या लगेच म्हणाल्या. "नळीनं. चोवीसच्या चोवीस झाडांला."

"आगं ए..." सर्जेराव उठले.

"आता काय लपवायचं? सात वर्सं झाली." त्या माझ्याकडे वळल्या. "फळ धरल्यालं झाड म्हंजी पोटुशी बाई. तिला कुणी निम्मं जेवाया वाढतं व्हय? आन् ह्यो ऋषी सांगायचा, निळ्या दोरीची झाडं मॅडमच्या परीक्षेची. ती सुकली आस्ती तर तुमी नापास!"

"रोज सोडायच्या?"

"ऐतवार-सोमवार न्हाय. मंगळवारी तुमी मापायला यायच्या. ओल दिसली आस्ती तर रागावला आसता." आणि त्या हसल्या. त्यांच्या मते त्यांनी मला पास केलं होतं.

मीटर ठिबकच्या लाइनीवर होता. नळी थेट विहिरीवरून यायची, म्हणजे ते पाणी आमच्या मापात आलंच नव्हतं. छायाचित्र गुरुवारचं. त्या दिवशी ऋषिराज न सांगता एकटाच आला होता. पेपरात आम्ही 'नियमित निरीक्षण' असं लिहिलं होतं. नियमित होतंच, दर मंगळवारी.

मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. चहा घेऊन आम्ही निघालो.

लासुर्णे मागे पडलं. मग ऋषिराज म्हणाला, "मॅडम, दोनशे बारा जणांनी संदर्भ दिलाय. चूक असती तर कुणाला तरी सापडली असती की."

"मी ते सगळे वाचलेत."

"सगळे?"

"दोनशे तीन जणांनी प्रस्तावनेत एक ओळ लिहिली आहे. नऊ जणांनी खरंच मोजलं. त्यांतल्या सहा जणांचं फळ घटलं. सहाही जणांनी लिहिलं, मातीच्या फरकामुळे असावं."

"मग असेलही."

"सुप्याला हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा आपलंही एकतीस टक्के घटलं होतं, ऋषी."

त्याने गाडी बाजूला घेतली. सुप्याच्या प्रयोगाला अडीच वर्षं झाली होती. आकडे माझ्या कपाटात होते. मीही मातीच्या फरकावर ढकललं होतं, आणि लिहिलं मात्र काहीच नाही.

"मला पुढच्या महिन्यात कायम करणार आहेत," तो म्हणाला. "ह्याच पेपरावर."

"माहीत आहे."

"आज नका बोलू. समिती होऊ दे. मग शांतपणे एक दुरुस्तीची चिठ्ठी पाठवू. कोण वाचतंय?"

मी आबासाहेबांना फोन लावला.

"आबा, आजपासून पुरं पाणी सोडा. आत्ता."

"सोडतो. पण मॅडम, तुमचं ऐकून गावात आमी चौदा जण हाय. बाकीच्यांला काय सांगू? शास्त्र बदललं?"

संध्याकाळी बोलते, एवढंच म्हटलं. ऋषिराजने गाडी सुरू केली.

तीनला मला आत बोलावलं. टेबलापलीकडे पाच जण. मधे आमचे संचालक घोळवे सर, प्रसन्न.

"यांची ओळख मी करून देत नाही," ते बाहेरून आलेल्या सदस्यांना म्हणाले, "ओळख आकडाच करून देतो. दोनशे बारा! आपल्या संस्थेत दुसऱ्या कुणाचा पन्नासच्या वर नाही." दोघे हसले. एकाने अर्ज उलटून पाहिला.

"सहकार्यही चांगलं आहे. चार संस्था."

"शेतकऱ्यांपर्यंतही पोचलंय," सर म्हणाले. "डाळजला एका गावात चौदा बागा! मॅडम, फक्त सही राहिलीय तुमची." त्यांनी शेवटचं पान माझ्याकडे सरकवलं आणि वर पेन ठेवलं.

दाराच्या काचेपलीकडे ऋषिराज उभा होता. कायम होण्यासाठीची त्याची मुलाखतही याच समितीपुढे, माझ्यानंतर होती.

"काही अडचण?" सरांनी विचारलं.

मी पेन उचललं नाही.

"सर, त्या पेपरातले आकडे चुकीचे आहेत, आणि मला अडीच वर्षं तशी शंका होती. तो पेपर मी मागे घेते आहे."