कापराची पोटली

बंद खोलीतली गर्दी बघूनच वनमालाला धडकी भरली. घाटकोपरच्या वस्तीत घरोघर फिरणारी ती आरोग्यसेविका. करोना ओसरतोय, तर शाळा कधी उघडायच्या, हे ठरवायला वॉर्ड ऑफिसने तिलाही बैठकीला बोलावलं होतं.

सकाळपासून ती सवयीने कापूर-ओव्याची पोटली नाकाला लावत होती. बैठकीत शेजारी बसलेल्या बाईने मागितली, तिने दिली. मग मास्क खाली ओढून जो तो हुंगून पुढे देत गेला.

"झकास! पार डोक्यात गेला वास," वॉर्डाचे साहेब म्हणाले. "लिहा, सोमवारपासून शाळा."

पोटली परत आली. वनमालाने हुंगली. कापूर चुरडून पुन्हा हुंगली. तिला वास येतच नव्हता.

"ताई, द्या बघू अजून एकदा," साहेबांनी मास्क खाली ओढत हात पुढे केला.