मंगळावरची सावली

आमच्या ह्यांना फोटोतलं भोक बघवत नाही. बारामतीत आमचा फोटो स्टुडिओ. गेलेल्या माणसाचे डोळे मिटलेले असले तर हे उघडून देणार, फाटक्या फोटोतला कान जोडून देणार. मी म्हणते, खोटं ते खोटंच. पण ऐकतंय कोण?

सत्त्याण्णव साली मंगळावर यंत्र उतरलं. त्यानं पाठवलेली चित्रं कॉलेजच्या दिपाली मॅडमनी पुण्याहून फ्लॉपीत आणली, तुकड्यातुकड्यानं छापली आणि आमच्याकडं दिली. पोरांना दाखवायला जोडून एक मोठा फोटो हवा होता. तांबडी माती, दगडच दगड. आपल्या सुप्याचा माळच की. मधला एक तुकडा मात्र पोचलाच नव्हता, तिथं नुसतं काळं.

"तेवढं काळंच ठेवा," मॅडम बजावून गेल्या. आमचे हे कसले ठेवतायत! गिऱ्हाइकांनी न नेलेल्या फोटोंचा डबा काढला, त्यातला एक माळ शोधला, रंग चढवून तिथं बेमालूम बसवला. त्या माळावर फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती. "यंत्राची वाटंल," म्हणाले. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि काळ्यासकट दुसरा करून नेला. हा राहिला आमच्या दुकानाच्या काचेत.

सुप्याच्या भामाबाई आमच्याकडं आधी एकदा येऊन गेल्या होत्या. त्यांचा पोरगा सिद्धू मेंढरं घेऊन गेला तो परत आलाच नाही. मेंढरं तेवढी आली. भावकी मागं लागलेली, तो गेला असं धरा आणि दिवस घाला. बाई म्हणाल्या होत्या, त्याचा एक फोटू मिळू द्या, मग घालीन. पण सिद्धूला कॅमेऱ्याचा नाद, सगळ्यांचे फोटो काढणार, स्वतः एकातही नाही. ह्यांनी त्याच्या भावाच्या तोंडावरून एक करून दिला. "ह्यो माझा न्हाय," म्हणून त्या निघून गेल्या.

दिवाळीनंतर बाजाराला आल्या आणि काचेपुढं थांबल्या त्या हलेचनात. मी बाहेर गेले.

"हितं सिद्धू कसा?"

"मावशी, तो मंगळ हाय. वर, आभाळातला. तिथं उतरलेल्या यंत्रानं धाडलाय फोटू."

"आसंल. पर काखेत काठी धरून फोटू काढायची खोड त्येची."

मी त्या सावलीकडं बघितलं. डोक्यावर घोंगड्याची खोळ, दोन्ही कोपरं वर, काखेतून काठी बाहेर आलेली. रोज ती काच मीच पुसत होते.

ह्यांनी डब्यातनं त्या माळाच्या फोटोचा रोल काढून आणला. मेंढरं, कुत्रं, चुलीपुढं पाठमोऱ्या भामाबाई. पोरगा रोल धुवायला टाकून गेला होता, न्यायला आलाच नव्हता. बाईंनी एकेक निगेटिव्ह उजेडाला धरून बघितली. निगेटिव्हमध्ये सावली पांढरी दिसत होती.

"म्हंजी फोटू घावला," असं म्हणून त्या पायरीवर खाली बसल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई भावकीला शब्द देऊन बसल्या होत्या.

"मोठा करून फ्रेम..." हे म्हणायला लागले. मी डोळे वटारले तेव्हा गप झाले.

बाईंनी काचेकडं बोट करून विचारलं, "त्या यंत्राचं काय झालं?"

"बोलायचं बंद झालंय, मावशी. तिकडची माणसं अजून रोज हाका मारत्यात म्हणं."

"ओ येती का?"

"न्हाय."

"तरी मारत्यात?"

"मारत्यात."

"मग आदी त्यास्नी थांबू द्या. तवर भावकीला कळवू नगा."

उन्हाळा लागता लागता मॅडम सांगून गेल्या, हाका मारणं बंद केलं त्यांनी. मी काचेतला तो फोटो काढून ठेवणार होते. हात धजेना. संध्याकाळी शटर ओढताना ती सावली काचेच्या जरा जवळ आल्यासारखी वाटते, मी तिकडं पाठ करते. खरं सांगते, भीती वाटते.

बाजाराच्या दिवशी भामाबाई येतात, काचेपुढं उभ्या राहतात, आणि मला विचारतात, "मारत्यात का अजून?"

मी फडकं हातात घेऊन काच पुसत राहते. आत हे मान खाली घालून बसलेले असतात.

"मारत्यात की, मावशी," मी म्हणते.