उभ्या गाडीची छोटी बॅटरी

गाडी विकून टाकायचं मी ठरवलं होतं. आठ महिन्यांपूर्वी लेक माझ्याशी कडाक्याचं भांडून नोकरीसाठी दूरदेशी निघून गेली आणि ही विजेवरची गाडी माझ्या गळ्यात मारून गेली. तेव्हापासून तिचा फोन नाही. मीही केला नाही, पडतं घ्यायची सवय मला नाही. घरात बोलायला माणूस नसलं की टीव्हीशी हुज्जत घालावी लागते, आणि तो बेटा दाद देत नाही. खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटतं.

गाडी घराच्या दाराकडे तोंड करून उभी असायची. येता-जाता दिसली की माझा जीव जळायचा. काल एक गिऱ्हाईक बघायला आलं, तर तिचं दारच उघडेना. त्याला परवा या म्हणालो आणि आज मेकॅनिकला बोलावलं.

"काका, हिच्यात बॅटऱ्या दोन," बॉनेट उघडत तो म्हणाला. "चाकं फिरवते ती मोठी. दारं, दिवे, कॅमेरे सांभाळते ती ही छोटी. ही झोपली की मोठी असून नसल्यासारखी."

त्यानं छोटीला चार्जर जोडला, तासाभरानं मीटर लावला, लोड देऊन पाहिला.

"बॅटरी ठणठणीत आहे की!"

"मग उतरते कशी? मी तर हातही लावत नाही."

त्यानं गाडीला लॅपटॉप जोडला आणि बराच वेळ वाचत बसला.

"कोणीतरी मोबाईलवरून हिला जागं करतंय. पुढचा कॅमेरा बघायला. सकाळी सहा, अकरा, संध्याकाळी पाच. रोज."

सहाला मी दूध घ्यायला दारात येतो. अकराला कपडे वाळत घालतो. पाचला पायरीवर नुसताच बसतो.

"तेवढ्यानं काही बिघडत नाही," तो म्हणाला. "पण या मंगळवारी-बुधवारी कहर केलाय. एकेचाळीस वेळा! तिथंच बॅटरीनं मान टाकली."

ते दोन दिवस मी तापानं फणफणलो होतो. अंथरुणातून उठलोच नाही. कोणाला पत्तासुद्धा लागला नाही, असं मी धरून चाललो होतो.

"हे मोबाईलचं बंद करून टाकू?"

"खबरदार!" मी असा ओरडलो की त्याच्या हातातला पाना पडला.

"अहो, पण विकायचीय ना?"

"कोण म्हणालं?"

तेवढ्यात लॅपटॉपवर नवी ओळ उमटली. "हे बघा काका, आत्ताच उघडला कॅमेरा."

मी गाडीपुढे जाऊन उभा राहिलो. हात वर केला. हसायला गेलो तर हुंदकाच फुटला. तो तिला दिसू नये म्हणून झटकन पाठ फिरवली. मग वाटलं, तिकडे ती समजेल बाबा अजून रागावलेत. तसाच, रडक्या तोंडानं, पुन्हा वळलो.