मेहुण्याचा खड्डा

काचवाल्याच्या वाटेवर सासर-माहेरची सगळी मंडळी पसरली होती. रस्ता इतका अरुंद, की समोरून सायकल आली तरी एकाने मातीत उतरावं. आणि खड्डे तर पाचवीलाच पुजलेले. त्याची बायको शेजारच्या सीटवर बसून ते खड्डे नावानिशी सांगायची. डाव्या काठाशी दबा धरून बसलेल्या वन्सं, मधोमध ऐसपैस मामंजी. शेवटी त्यानेही उट्टं काढलं आणि वळणापुढच्या आगंतुक खड्ड्याला मेहुणा करून टाकलं. तिथे ती दर वेळी म्हणायची, "माझ्या भावाला धक्का लावू नका हं."

ती जाऊन आठ महिने झाले. गेल्या महिन्यात वाटेतच दोन काचा फुटल्या, तेव्हा मुलीने फोनवर निक्षून सांगितलं, की तिसरी फुटली तर दुकानाला कुलूप लावून माझ्याकडे राहायला यायचं. पोरगी मायेनेच बोलत होती. पण तिच्या घरी जाऊन याने करायचं काय, दिवसभर भिंती बघायच्या?

आज गाडीत मागे शाळेच्या खिडकीची मोठी काच होती. वन्संची जागा आली तशी त्याने सवयीने गाडी उजवीकडे घेतली. पण रस्तादुरुस्तीत वन्सं कालच बुजल्या होत्या. खड्डा दिसत असता तर किती वळायचं ते कळलं असतं. नसलेला खड्डा चुकवताना चाक डांबर सोडून खाली उतरलं, गाडी कलली आणि मागे काच करकरली. उतरून त्याने जुनी चादर बाजूला करून पाहिलं. साधा चरासुद्धा नव्हता.

काच खिडकीत बसल्यावर त्याने मुलीला फोन करून तिसरी शाबूत असल्याचं सांगितलं. बरं बाबा, राहा तिथेच, असं म्हणून तिने ठेवला. जणू पैजच जिंकली होती, पण घरी जाऊन सांगायला माणूस नव्हतं, आणि ते त्याला फार लागलं.

परतताना मेहुण्यापाशी रोलर उभा दिसला. मजूर डांबर ओतायच्या बेतातच होते. मुकादमाने हाताने खूण करून गाडी कडेने काढायला सांगितली.

"जरा थांबा," काचवाला म्हणाला.

गाडी आता रिकामी होती. त्याने चाक नीट नेम धरून मेहुण्यात घातलं. दणका बसला, शेजारच्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल खणखणलं. तो त्या रिकाम्या सीटकडे कान देऊन बसून राहिला. मजूर एकमेकांकडे बघू लागले.

मग त्याने गाडी बाहेर काढली आणि खिडकीतून मान वळवली.

"बुजवा आता," तो म्हणाला.