वोंगसोबाबाचं अठ्ठ्याण्णव

तुकिमिनच्या अंगणात सकाळपासून नुसती झुंबड. मधोमध वोंगसोबाबा, पुढ्यात मंतरलेल्या पाण्याचा हंडा. आजाऱ्यानं घोटभर पाणी प्यायचं, बाबानं त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर चिमटवायचं आणि ओरडायचं, "अठ्ठ्याण्णव!" की सगळं अंगण म्हणायचं, "अल्हम्दुलिल्लाह!"

"पाणी पोटात, विषाणू वाऱ्यावर!" बाबा गरजला. "इस्पितळात जाऊ नका. तिथं साध्या सर्दीलाही कोरोना म्हणून नोंदवतात!"

मी कुंपणाबाहेर उभा. इथल्या अर्ध्या गावाला मी शाळेत शिकवलंय, पण हल्ली मी दिसलो की माणसं सरकून बसतात. माझी बायको सुमारनी महिन्यापूर्वी इस्पितळात वारली. तिला शेवटची अंघोळ कुणी घातली, मला माहीत नाही. आमच्याकडे माणूस गेलं की सात दिवस सगळं गाव दुवा मागायला जमतं. मी सातही दिवस चटया अंथरल्या. कुणी फिरकलं नाही.

आता बाबानं तुकिमिनच्या आईचं बोट धरलं. वागियेमवहिनी म्हणजे सुमारनीची जिवाभावाची मैत्रीण. ओठ निळे पडलेले, एक वाक्य धड पुरं होईना. आणि आकडा? अठ्ठ्याण्णव!

मला राहवेना. मास्क चढवून मी आत घुसलो. "तुकिमिन, अरे आईचे ओठ बघ! आत्ताच्या आत्ता गाडी काढ."

"आकडा दिसतोय ना, गुरुजी? काकूंना नेलंत, काय झालं? आता माझ्या आईच्या जिवावर उठलात?"

फार लागलं ते. पण वाद घालायची वेळ नव्हती. पाहुण्यांच्या ताटलीतला कसाव्याचा उकडलेला कंद मी उचलला आणि बाबाचं यंत्र त्याला चिमटवलं. अठ्ठ्याण्णव.

"कंदातही जीव असतो!" बाबा म्हणाला.

"आणि पळीत?" मी यंत्र लाकडी पळीच्या दांड्याला लावलं. पळीही ठणठणीत, अठ्ठ्याण्णव! कुणीतरी फिस्सकन हसलं.

"खरं यंत्र बोटातून उजेड पाठवून रक्तातला प्राणवायू मोजतं," मी म्हणालो. "हे खेळणं आहे. कळ दाबली की ठरलेला आकडा उमटतो." मग खिशातलं माझं यंत्र वहिनींच्या बोटाला लावलं. एकोणऐंशी. तुकिमिन गाडी काढायला धावला. बाबा हंडा तिथंच टाकून पसार झाला.

पण वहिनी उठेनात.

"आकडा खोटा... कळलं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पण तिथं माझ्याजवळ कोण, गुरुजी? इथं... माणसं तरी आहेत."

वर्षभर मी कोरोनाबद्दल खरं तेच सांगत होतो, पण कुंपणापलीकडून ओरडून. बाबा मात्र चटईवर यांच्याशेजारी बसला होता.

"मी येतो. खिडकीखाली बसेन."

"सुमारनीच्या वेळी... बसलात?"

"नाही. इस्पितळवाले घरी जा म्हणाले, मी आलो. तेच रोज खातंय मला, वहिनी."

त्यांनी उठायला हात पुढे केला.

अकरा दिवस मी आणि तुकिमिन पाळीपाळीनं इस्पितळाच्या खिडकीखाली बसलो. बाराव्या दिवशी वहिनी चालत बाहेर आल्या.

लोकहो, चमत्कार दाखवणाऱ्याचं यंत्र आधी तपासा. श्वास अडखळला की डॉक्टर गाठा, आकड्याची वाट बघू नका. आणि शहाण्यांनो, घाबरलेल्या माणसाला लांबून अडाणी म्हणू नका. वहिनींना वाचवलं ते ऑक्सिजननं आणि डॉक्टरांनी, माझ्या बसण्यानं नाही. पण मी बसतो म्हणालो नसतो, तर त्या तिथवर पोचल्याच नसत्या.