जफरभाईंचा पिपा

मी पिपा बोलतोय. पंधरा किलो सरकीच्या तेलाचा, आता पोचे पडून ओळखूही न येणारा. जरा मोठ्यानं बोललो तर सांभाळून घ्या, मला हळू बोलायची सवय नाही.

तेल संपलं तसं महागावचे मेकॅनिक जफरभाई मला थेट कबड्डीच्या मैदानावर घेऊन गेले. वादळ क्रीडा मंडळ म्हणजे त्यांचा जीव. स्वतः कधी खेळले नाहीत, पण आपला गडी चढाईला निघाला की ते मला चौदा-पंधराच्या पान्यानं बडवायचे. सामना असला की गिऱ्हाइकाची मोटरसायकल उघडी टाकून पळायचे. गिऱ्हाईकही मुकाट्यानं मागं यायचं, दुसरं करणार काय?

अकरा वर्षं मार खाल्ला. खरं सांगू? मजा यायची. माझ्यामुळंच मंडळ जिंकतं, अशी माझी ठाम समजूत होती.

यंदा उमरखेडला अंतिम सामना होता. गुण बरोबरीत, शेवटची चढाई. आमचा नयन निघाला आणि जफरभाईंच्या अंगात आलं. रेषेला खेटून त्यांनी मला असं बडवलं, की मी जन्मात तसा वाजलो नव्हतो. नयननं एक गडी टिपला, परतही आला. आम्ही नाचायला लागलो, तोच पंच सदाशिवरावांनी हात वर केला.

"दम ऐकू आला नाही. बाद!"

एका गुणानं हरलो. नयन धापा टाकत आला.

"चाचा, मी बोंबलून बोंबलून कबड्डी कबड्डी करून राह्यलतो! पन तुमच्या पिप्यापुढं कोनाले ऐकू येईन?"

जफरभाई तिथंच माझ्यावर बसून रडले. मलाही फार वाईट वाटलं. घरी येताच त्यांनी मला बायकोच्या, शमसुन्निसाभाभींच्या हवाली केलं. भाभींनी मला घासूनपुसून तुरीची डाळ भरली. पोट भरलेलं असलं की मी नुसता बद्द करतो.

आज पुन्हा सामना होता. जफरभाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते म्हणे. मंडळ जिंकलं. पण ते घरी आले तोंड पाडून.

"मेरे बगैर भी जीतते ये लोग," म्हणाले, आणि जेवेनात.

भाभींनी डाळ परातीत ओतली, मला पालथं घातलं आणि नवऱ्याच्या हातात पाना दिला.

"बजाओ अब. यहाँ कौन पंच बैठा है?"

जफरभाई बाह्या सरसावताहेत. शेजाऱ्यांनो, हात जोडून माफी मागतो. कानात कापूस घाला. आपल्या महागावात त्याची कमी नाही.