डावीकडचा खालचा कोपरा

अंगठा. नख मधोमध चिरलेलं, कडेला पिवळट पडलेलं — फोनच्या काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तो सराईतपणे जातो, आणि टेकायच्या आधी थबकतो. कोपऱ्यात फोन लावायचं राखाडी रंगाचं चिन्ह आहे. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत तिथे पिवळं होतं.

"तेच आहे, बाबा. फक्त रंग वेगळा."

"हो, हो," बाबा म्हणतात, आणि दुसऱ्याच्याच घराची बेल वाजवायला निघालो होतो अशा संकोचाने अंगठा मागे घेतात.

चहा निवत होता. चष्म्याचं दुकान उघडायला अजून अर्धा तास होता, पण लेकीचा पाय निघेना. बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात जुळाऱ्याचं, शिशाची अक्षरं जुळवायचं, काम केलं होतं. नजर कागदावर आणि हात आपसूक त्या त्या अक्षराच्या खणात... लहानपणी ती बाजूला स्टुलावर बसून पाहायची, बोटांना डोळे असतात असं तिला खरंच वाटायचं. आणि त्याच माणसाचे सगळे खण आपण एका रविवारी बसून इकडचे तिकडे केले. कशासाठी? तर त्याच्या भल्यासाठी.

भल्यासाठीच तर होतं. बाबा एकच गोष्ट तीनदा विचारायला लागले तेव्हा तिने फोनवर शोधलं होतं — वडील विसरतात, काय करावं. बाबांच्या फोनचं खातंही तिच्याच खात्याला जोडलेलं, कारण तेव्हा ते सोयीचं होतं. दोन दिवसांनी बाबा फोन पुढे करून म्हणाले, "ठके, हे कोण मला विचारतंय, घरच्यांना तुमचं ओझं होतंय का म्हणून?" पडद्यावर वृद्धाश्रमाची जाहिरात होती. हिरवळ, बाकडं, हसणारी म्हातारी माणसं. तिने फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. आपण कुणाच्या तरी कानात हळूच बोललो आणि त्याने ते जाऊन बाबांनाच सांगितलं — अशी शरम तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग ती पेटली. टपाल, फोटो, नकाशा, बोलणं, सगळं ती खाती चालवणाऱ्या कंपनीच्या ताब्यातून काढायचं. ओपन सोर्स — ज्याच्या आत काय लिहिलंय ते कुणालाही वाचता येतं, ज्याचा एक असा मालक नाही. बाबांसाठी वेगळा फोन घेऊन त्यात तिने तेच भरलं. लोकांनी मिळून काढलेल्या नकाशात त्यांची गल्ली नव्हती. तिने स्वतः ती काढली, वळणावरचं बाकडंसुद्धा टिंब देऊन दाखवलं, आणि त्या रात्री तिला शांत झोप लागली. जुन्या खात्याचं शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं. बाबांचा जुना फोन कपाटात कपड्यांखाली गेला.

फक्त दादाने साथ दिली नाही. तो दूरच्या शहरात, त्याच्या फोनवर आधीच जागा नव्हती, आणखी एक ॲप तो घेणार नव्हता. व्हिडिओ कॉलवर बाबांचा चेहरा दिसेनासा झाला म्हणून तो चिडला, आणि मग बाबांनी त्याचं नाव घ्यायला वेळ लावला तेव्हा म्हणाला, "चांगले होते गं ते. तू फोन बदललास आणि तेव्हापासून बिघडलं सगळं."



दुकानात सकाळभर ती गिऱ्हाइकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवत, उतरवत राहिली. हे बरं दिसतं की मघाचं? एक बाई म्हणाल्या, दोन्ही सारखंच. तिने पुन्हा विचारलं, नीट बघा. बाई म्हणाल्या, मला कळत नाही हो, तुम्हीच ठरवा. घड्याळात अकरा वाजून गेले होते. अकराला बाबांचा फोन यायचा, वर्षानुवर्षं — दूध तापवलंयस का, किल्ली नेलीस का, असलं काहीतरी. तीन आठवडे आला नव्हता. तीच करायची, आणि बाबा उचलून काही न बोलता नुसते श्वास घेत राहायचे.

हट्ट कुणासाठी चाललाय? असं तिला त्या बाईंच्या डोळ्यांसमोर भिंग धरलेलं असताना वाटलं. जगाशी भांडण माझं, आणि कोपरा गेला बाबांचा.

दुपारी ती अर्धी रजा टाकून घरी आली. कपड्यांखालून जुना फोन काढला, चार्ज केला, नव्यातलं सिम त्यात घातलं. काही विचारणा न होता सगळं परत आलं — फोटो, तिची जुनी टिपणं, दादाचे न वाचलेले अठरा निरोप — आणि वर तिचं नाव लिहून स्वागत. कुठे गेली होतीस, असं कुणी विचारलं नाही. त्याचाच तिला राग आला, आणि रडूही. डाव्या खालच्या कोपऱ्यात पिवळं चिन्ह होतं.

बाबा खिडकीशी बसले होते. तिने फोन त्यांच्या हातात ठेवला आणि जराशी मागे सरून उभी राहिली, म्हणजे त्यांना वाटू नये परीक्षा चाललीय. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला. अंगठा काचेवर आला... मधोमध टेकला. मग वर. मग कडेने फिरला, एखाद्या पेटीचं झाकण कुठून उघडतं ते शोधावं तसा. पिवळ्या चिन्हावरून तो दोनदा गेला. दोनदा.

त्यांनी फोन रुमालाने पुसला आणि अदबीने तिच्यासमोर धरला.

"हा तुमचा राहिला वाटतं इथे."

तुमचा. म्हणजे आजकालच्या तुम्हा सगळ्यांचा? की तिचा — आणि तिलाच तुम्ही? त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसता सभ्यपणा. तिने विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळालं असतं.

"हो," ती म्हणाली. "राहिला होता."

दादाचा फोन आला तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. त्याने विचारलं, निरोप पोचलेले दिसले, जुना लावलास वाटतं, आता जमतंय ना? तीन आठवडे आपण गुन्हेगार होतो, आणि त्या अपराधाखाली किती ऊब होती, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. तिने बिघडवलं होतं तर तिलाच दुरुस्तही करता आलं असतं. तेवढं तरी तिच्या हातात होतं. कंपनी गेली, हट्ट गेला, दादाचा राग गेला... आता दोष द्यायला समोर कुणीच उरत नव्हतं.

"आज नुसतं सिम घातलंय," ती म्हणाली. "सवय व्हायला वेळ लागेल. माझंच चुकलं, इतक्यात बदलायला नको होतं."

दादा समजुतीच्या सुरात काहीतरी बोलत राहिला. तिने ते ऐकलं नाही. आपण बोललेलं ते वाक्य तिने मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं — माझंच चुकलं — आणि ते अंगावर ओढून घ्यायला गेली, तर ती ऊब काही आत शिरेना.